दोन नंबरचा बोगदा

रविवारी सातला, धामणघाट स्टेशनच्या
छप्पर उडालेल्या तिकीटखिडकीशी आम्ही जमतो.
पोस्टात कारकून आहे, म्हणून हजेरी माझ्याकडे.
आज नऊ. विळे सहा, पहारी तीन, चुन्याची बादली एक,
आणि वानखडे कीमननी घरून आणलेला
लांब दांड्याचा हातोडा,
जो ते कुणाच्या हातात देत नाहीत.

आधी रायमुनिया.
कापावी तर पंधरा दिवसांत पुन्हा फुलांवर येते,
जशी काही तिलाच मंजुरी मिळाली आहे.
तिच्याखाली रूळ. म्हणजे गंजाची एक तांबूस रेघ,
सागाच्या पानांखालून जाते, थांबते,
चाळीस पावलं काहीच नाही,
आणि पुन्हा सुरू होते,
बोलता बोलता नाव विसरलेल्या माणसासारखी.

मधले रूळ कुठे गेले ते गावाला ठाऊक आहे.
एक मावस्करांच्या विहिरीवर आडवा.
दोन गोठ्यांच्या आढ्याला.
हातभर तुकडा शाळेतल्या लिंबाला टांगलेला,
साडेदहाला त्यावर दगड पडतो
आणि पोट्टे पळत सुटतात.
यादी मी केली. शेजारी 'परत मागणे' असा रकाना आखला.
मागायला अजून कुणी गेलेलं नाही.

विभागीय कार्यालयाचं उत्तर आलं आहे:
सदर मार्गाबाबत कोणताही प्रस्ताव विचाराधीन नाही.
इसराईल मिस्त्रींनी ते दोनदा वाचलं,
घडी घालून ट्रॉलीच्या डुगडुगणाऱ्या चाकाशी पाचर म्हणून ठोकलं.
बसलं बरोबर.

तीन नंबरचा बोगदा वटवाघळांना सोडलाय,
हात वर करून मतं घेतली होती.
एक नंबर सोपा, आरपार दिसतो.
दोन नंबर वळतो.
पाठीमागचा उजेड ताटाएवढा होतो, वाटीएवढा होतो,
मग नसतोच, आणि पुढचा अजून आलेला नसतो.
तेवढ्या वीस पावलांत
सगळे उगाच मोठ्याने बोलतात.

भिंतीत माणसाच्या मापाचे कोनाडे. देव नाही एकातही.
गाडी आली की गँगमननं अंग चोरून उभं राहायची जागा.
वानखडे उभे राहून दाखवतात:
पाठ दगडाला, हनुवटी वर, कंदील पोटाशी.
"श्वास नाई घ्याचा बावा. धूर जाऊ द्याचा.
अठ्ठावीस डबे मोजाचे, मंग गार्डाचा लाल दिवा,
मंग खोकाचं."
अठ्ठ्याहत्तर वय. दाखवताना खरंच श्वास धरतात
आणि आम्ही सगळेच नकळत धरतो.

टॉर्च फिरवला तेव्हा दिसलं.
भिंतीवर बोटभर काजळी,
आणि सातव्या कोनाड्यात, आतल्या दगडावर,
एका माणसाएवढी ती कमी.
खांदे, डोकं, एका बाजूला कलती मान.
इंजिनाच्या धुरानं सगळं काळं केलं,
तो उभा होता तेवढं सोडून.

"ह्यो माह्या नोय," वानखडे म्हणाले, "माह्या आठवा.
ह्यो गेंदालालचा. त्याले एका कानानं ऐकू नोतं येत,
मान तशीच ठेवे तो."

फुलाय बेठेकर ब्रश घेऊन पुढेच होती.
गेंदालाल तिचा आजा.
तिनं त्याला पाहिलेलं नाही, घरात फोटोही नाही.
नियम साधा आहे:
कोनाड्याला आतून चुना, म्हणजे अंधारात सापडतो.
तिनं बादली खाली ठेवली.
वळली, पाठ दगडाला लावली.
डोकं त्याच्या खांद्याशी आलं.
आम्ही टॉर्च दुसरीकडे केले.

मग तिनं कडेनं, फक्त कडेनं, चार बोटं रुंद
पांढरी चौकट काढली, सावकाश,
दिवाळीत दाराला काढतात तशी,
आणि आठव्याकडे गेली.
वानखडे नियमाचा माणूस. काही बोलले नाहीत.
हातोड्यानं रुळाला एक ठोका दिला,
आवाज वळणाच्या पलीकडे जाऊन आला.

संध्याकाळी वही लिहिली.
दोन नंबर. कोनाडे अकरा. चुना, दहा.
फरकाचं कारण लिहायला जागा आहे.
पेन टेकवलं, उचललं.
चाकाखालच्या पत्राचं एक टोक
वाऱ्यानं फडफडत होतं.